लठ्ठ पगार, सडपातळ उमेदवार

मराठी भाषेला वजनाचे वावडे कधीच नव्हते. एखाद्याच्या शब्दाला वजन असते, एखादा पुढारी वजनदार असतो, अध्यक्षांचे भाषण भारदस्त असते आणि सरकारी कचेरीत आपला कागद उडून जाऊ नये म्हणून त्यावर वजन ठेवावे लागते. (हे वजन काचेचे नसते, हे मी वाचकांना सांगायला नको.) घरात मूल जन्मले की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसरा प्रश्न वजन किती. साडेतीन किलो म्हटले की ऐकणारा 'वा वा' करतो. पुढे त्या मुलाने बाळसे धरले नाही तर आजी सुनेला धारेवर धरते. तेच मूल बावीस वर्षांनी पदवी घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून नोकरीच्या मुलाखतीला उभे राहिले की मात्र सगळी भाषा उलटी फिरते. 'लठ्ठ' हा शब्द आता कौतुकाने एकाच ठिकाणी वापरला जातो. पगाराच्या आधी. पगार लठ्ठ चालतो, पगार घेणारा चालत नाही.

नोकरीच्या जाहिराती वाचा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. 'पाहिजे : अकाउंट्स असिस्टंट. टॅलीचे ज्ञान आवश्यक. स्मार्ट व प्रेझेंटेबल उमेदवारांनीच भेटावे.' आता मी स्वतः कॉमर्सचा पदवीधर, आणि जमा-नावे करता करता माझे केस पांढरे होत आले. पण ताळेबंद लिहिणाऱ्याच्या कंबरेकडे पाहून जुळतो, असा अनुभव मला आजवर आलेला नाही. न जुळणारा ताळेबंद मदनाच्या पुतळ्यालाही जुळत नाही. मग हे 'प्रेझेंटेबल' कशाला? तर ती सांकेतिक भाषा आहे. तिचा अर्थ एवढाच की, बाई, तू जाड असशील तर बसभाडे खर्च करू नकोस. 'वधू पाहिजे'च्या जाहिरातवाल्यांना आपण इतकी वर्षे नावे ठेवत आलो, पण त्यांचे एक बरे. ते 'गोरी, सडपातळ' असे स्वच्छ छापून मोकळे होतात.

माझ्या भाचीचेच सांगतो. बी.कॉम., पहिला वर्ग, जी.एस.टी.चा कोर्स केलेला, हिशोबाला अशी चोख की घरच्या किराण्याच्या बिलात वाण्याची चूक ती उभ्या उभ्या काढते. अंगाने म्हणाल तर खात्यापित्या घरची. तिला एका कंपनीतून मुलाखतीचे बोलावणे आले. कचेरी तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, तुला एक गंमत सांगू? मुलाखतीत जी.एस.टी.बद्दल एक प्रश्न विचारला नाही. साहेब म्हणाले, आमच्याकडे धावपळ फार असते, दिवसातून चार वेळा जिने चढावे-उतरावे लागतात, तुम्हाला जमेल ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सर, लिफ्ट बंद आहे. मी जिन्यानेच आले."

तिच्यामागून दहा मिनिटांनी साहेब स्वतः आले होते, तेही जिन्यानेच, आणि आल्या आल्या खुर्चीत बसून त्यांनी दोन ग्लास पाणी प्यायले होते, हे तिने जाता जाता सांगितले. त्यांच्या धापा टाकण्याची नक्कलही करून दाखवली. सगळे पोट धरधरून हसलो. 'कळवतो' म्हणाले होते. ते कळवणे अजून वाटेत आहे. पण रात्री जेवायला बसल्यावर तिने अर्धीच भाकरी घेतली आणि भूक नाही म्हणाली. या मुलीने आमच्या घरी 'भूक नाही' हे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारले. ताई म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतेस? चार महिने सकाळची फिरायला जा." फिरायला जायला माझा विरोध नाही. फिरणे उत्तमच. पण फिरून आल्यावर जी.एस.टी. अधिक समजू लागतो, असे काही मला वाटत नाही.

आता ही कंपनी उद्या सांगेल की आम्ही त्यांना वजनामुळे नाकारले नाही, अधिक योग्य उमेदवार मिळाला. आणि ते कोणाला खोटे पाडता येणार नाही. या प्रकारातली खरी मेख ती आहे. सगळा व्यवहार मनातल्या मनात होतो, वहीत नोंद नसते. वहीत नोंद सापडते ती एकाच धंद्यात, आणि त्याबद्दल त्या धंद्याचे मी आभारच मानतो. तो धंदा म्हणजे विमानांचा.

एअर इंडियाचा जुना नियम असा होता की हवाई सुंदरीने पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हा; यांतले जे आधी घडेल ते. हे वाचून मला आमच्या मुदत ठेवीच्या अटी आठवतात. 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने नर्गेश मिर्झा खटल्यात त्यातली गर्भारपणाची अट रद्द केली, लग्नाची मात्र राहू दिली. म्हणजे मूल होणे हा गुन्हा उरला नाही, घाईने लग्न करणे उरला. पुढे काळ बदलला, त्या अटीही गेल्या. पण काही लोकांना बाईच्या नोकरीला कुठली तरी अट लटकवल्याशिवाय झोपच येत नाही. लग्न गेले, मूल गेले, तेव्हा हातात आला वजनकाटा.

2006 साली इंडियन एअरलाइन्सने वजन जास्त म्हणून काही हवाई सुंदरींना विमानातून खाली उतरवले. उंची, वय आणि वजन यांचा एक तक्ता होता, त्या तक्त्यात त्या बसत नव्हत्या. त्या काही काल लागलेल्या पोरी नव्हत्या. वर्षानुवर्षे ट्रे उचलून, प्रवाशांची पोरे सांभाळून, विमान गचके खात असताना हसतमुख राहून त्यांनी नोकरी केली होती. त्या कोर्टात गेल्या. 2008 च्या जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले आणि 2009 च्या जानेवारीत नऊ-दहा जणींना कंपनीने, तोवर ती एअर इंडियात विलीन झालेली होती, घरी पाठवले. निकालावर बोलण्याइतका मी मोठा नाही. पण ज्या कंपनीने हे केले तिचे बोधचिन्ह कोण होते, ते आठवून पाहा. महाराजा! 1946 साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातलेला तो गोलमटोल, गुबगुबीत, कमरेत वाकून 'या' म्हणणारा महाराजा. त्याला त्या तक्त्यापुढे उभे केले असते तर पहिल्याच दिवशी त्याला जमिनीवरच्या कामाला लावावे लागले असते. सगळ्या जगात कंपनीची प्रतिमा एका सुखवस्तू पोटाने उंचावायची, आणि तीच प्रतिमा एका नोकरदार बाईच्या चार किलोंनी ढासळते म्हणायचे, हा कुठला न्याय?

योगायोग पाहा. त्याच 1946 साली, याच मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर आगा खान तिसरे यांची हिऱ्यांनी तुला झाली. वजन भरले 243 पौंड, म्हणजे एकशे दहा किलो. जमलेले अनुयायी आनंदले, कारण जितके वजन तितके हिरे, आणि त्या हिऱ्यांचा पैसा समाजाच्या कामाला. माणसाचे वजन वाढले म्हणून इतक्या लोकांना इतका आनंद झाल्याचा प्रसंग त्यानंतर काही माझ्या ऐकिवात नाही.

मग 2013 साल उजाडले, आणि गोएअर नावाच्या कंपनीने हिशोबच मांडला. हिशोब म्हटला की मी सावरून बसतो. कंपनी म्हणाली, यापुढे आम्ही विमानात फक्त बायकाच नोकरीला घेणार. का? तर पुरुषांचे वजन सरासरी पंधरा ते वीस किलोंनी जास्त, आणि दर जादा किलोमागे उड्डाणाच्या दर तासाला तीन रुपयांचे इंधन. वर्षाला अडीच-तीन कोटी वाचतील. तेव्हा बरीच मंडळी 'काय डोकं चालवलं' म्हणून खूश झाली. मी पेन्सिल घेतली. वीस किलो गुणिले तीन रुपये, साठ रुपये तासाला. मुंबई ते नागपूर दीड तास धरा. म्हणजे एका भरगच्च पुरुषाला नागपूरला नेण्याचा जादा खर्च झाला नव्वद रुपये. विमानातल्या कागदी पेल्यातल्या चहालाही साधारण तेवढेच मोजावे लागतात. एकशे ऐंशी आसनांच्या विमानात कर्मचारी चार. चौघेही पुरुष आणि चौघेही वीस-वीस किलोंनी जड धरले तरी जादा भार ऐंशी किलो. त्याच विमानात एकशे ऐंशी प्रवासी प्रत्येकी पंधरा किलोंची बॅग खाली टाकणार आणि सात किलोंची हातात घेऊन वर चढणार. बेरीज होते तीन हजार नऊशे साठ किलो. आणि त्या प्रवाशांना तर कोणी काट्यावर उभे करतच नाही. माझ्यासारखा खिडकीत बसला काय आणि एखादा कुस्तीगीर बसला काय, तिकिटाचा दर एकच. सगळा भार वाहायचा तो चहा देणाऱ्याने.

(या कंपनीचे पुढे काय झाले? 2021 साली तिने नाव बदलून गो फर्स्ट केले आणि 2023 च्या मे महिन्यात तिची विमाने जमिनीवर बसली. कंपनीने कारण दिले ते इंजिनांचे. कुणा कर्मचाऱ्याच्या पोटाचा त्यात उल्लेख नव्हता.)

यातली खरी मौज तुमच्या लक्षात आली का? एक कंपनी म्हणते, पुरुष जड, म्हणून नको. दुसरी म्हणते, बाई जड झाली, म्हणून नको. वजन हे निमित्त. कुणाला घ्यायचे आणि कुणाला नाही हे आधीच ठरलेले असते, काटा मागाहून आणतात.

हे माझे म्हणणे आगाऊपणाचे वाटत असेल तर 2014 सालचा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम घ्या. त्यात विमानातल्या कर्मचाऱ्यांना बॉडी मास इंडेक्सची पट्टी लावली. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. गणित आठवीतले आहे. जागतिक आरोग्य संघटना बाईला आणि पुरुषाला एकच मोजमाप लावते, पंचविसाच्या आत असला म्हणजे झाले. या नियमात मात्र पुरुषाची मर्यादा पंचवीस आणि बाईची बावीस! म्हणजे पाच फूट तीन इंच, एकशे साठ सेंटिमीटर उंचीचा पुरुष चौसष्ट किलोंपर्यंत तंदुरुस्त, आणि त्याच उंचीची बाई साडेछप्पन किलोंच्या घरात पोचली की संशयित. मधल्या साडेसात किलोंचे कारण कुठल्या वैद्यकाच्या पुस्तकात आहे? ते आरोग्याचे नाही, नजरेचे आहे. या पट्टीने मोजून 2015 साली एअर इंडियाने सुमारे सव्वाशे जणांना विमानाबाहेर काढायची तयारी केली.

आणि ही पट्टी तरी कोणाची? एकोणिसाव्या शतकातल्या आदॉल्फ क्वेतले नावाच्या बेल्जियन गृहस्थांची. ते डॉक्टर नव्हते. खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते, आणि 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होते. एकट्यादुकट्या माणसाची तब्येत तपासण्याचा त्यांचा विचारच नव्हता. 1972 साली अँसेल कीज यांनी त्या भागाकाराला आजचे नाव दिले, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. फार लांब कशाला, आपल्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच माप छापले. दोघांचाही इंडेक्स 22.3, अगदी दशांशापर्यंत सारखा. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. म्हणजे जो आकडा दोन डॉक्टरांमधला फरक सांगू शकत नाही, त्यावर आपण एखादीची नोकरी तोलतो. आमच्या बँकेत असल्या काट्यावर सोनेतारण करायला मॅनेजर धजावणार नाही.

"पण सुरक्षिततेचं काय?" असे आमचे कॅशियर विचारतात. रास्त प्रश्न आहे. विमानाला आग लागली तर निम्मी दारे बंद धरून नव्वद सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर काढता आले पाहिजेत, असा विमानांना दाखला देतानाचा दंडक आहे. मग घ्या ना तीच परीक्षा! दार उघडायला लावा, घसरगुंडीवरून उतरायला लावा, मोठ्याने ओरडायला लावा, एखाद्या घाबरलेल्या धटिंगणाला आसनावरून ओढून काढायला लावा. (या शेवटच्या कामाला थोडे अंग असलेले बरे, असे माझे नम्र मत आहे.) जमले तर घ्या, नाही जमले तर नका घेऊ. हमालाची परीक्षा पोते देऊन घ्यावी, पोलिसाची पळवून घ्यावी, त्याला कोण नको म्हणतो? अकाउंटंटची ताळेबंद देऊन घ्या. काम सोडून कंबर मोजण्याला माझी हरकत आहे.

कॅशियरांचा दुसरा मुद्दा असा की जाड माणसे आळशी असतात. हे ते खुर्चीत बसून, शिपायाने आणलेला चहा पीत पीत सांगतात. ते स्वतः काडीसारखे आहेत आणि बाजूच्या टेबलावरची फाइलसुद्धा बसल्या जागेवरून मागवतात. लग्नाच्या घरी मात्र हेच गृहस्थ सडपातळ आचारी दिसला की चिंतेत पडतात. आणि एक गंमत बघा, हेच पोट बढतीनंतर आले की त्याला 'व्यक्तिमत्त्व' म्हणतात. साहेबांचे पोट टेबलाआधी दिसले तर ते भारदस्त. बढतीआधी दिसले तर तो लठ्ठपणा. त्यातही पुरुषाचे नुसते पोट सुटते. बाई मात्र अख्खीच सुटते.

तिसरे एक म्हणणे फार गोड आवाजात केले जाते. "अहो, त्यांच्याच भल्यासाठी! आरोग्य महत्त्वाचं." आरोग्याची एवढी कळकळ असेल तर कचेरीखाली पानाच्या टपरीवर दिवसातून सहा वेळा धूर काढणाऱ्या सडपातळ साहेबांना मुलाखतीत एखादा प्रश्न विचारलात का? थायरॉइड, बाळंतपण, रात्रपाळी, औषधे, घराण्याचा बांधा, वजन वाढण्याची अशी शंभर कारणे, आणि त्यांतले एक तर तुमचीच खुर्ची. बारीक पोरगा निवडून घ्यायचा, त्याला दहा-दहा तास बसवून ठेवायचा, कँटीनमधून समोसे पुरवायचे, आणि चाळिशीत त्याने दुसरीकडे अर्ज केला की तिथल्या साहेबाने म्हणायचे, "जरा हेवी आहेत, नाही?"

आमच्या बँकेच्या धंद्यात एक गोष्ट बरी आहे. भरती लेखी परीक्षेने होते, आणि क्लार्कच्या भरतीत आता मुलाखतही उरलेली नाही. संगणकाला उत्तर बरोबर की चूक एवढेच दिसते. म्हणून आमच्या काउंटरमागे सर्व आकारांची माणसे सुखाने नांदतात आणि ग्राहकाची नोट कोणाच्याही हातून मोजली तरी तेवढीच भरते. मग हे खासगीवाल्यांना का जमू नये? आपल्या संविधानाच्या सोळाव्या कलमात सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेद करू नये असे लिहिले आहे. वजन त्या यादीत नाही. 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांतही लठ्ठपणा नाही. आणि खासगी मालकाने 'जाड आहात' म्हणून नकार दिला तर त्याला अडवणारा स्पष्ट कायदाच आपल्याकडे नाही. अमेरिकेत मिशिगन राज्याने 1976 सालीच उंची आणि वजन हे दोन शब्द आपल्या कायद्यात घातले, न्यूयॉर्क शहराने 2023 साली. तिकडे त्यामुळे कंपन्या बुडाल्याचे ऐकले नाही, आणि न्यूयॉर्कची माणसे काही सगळी वेताच्या छडीसारखी नाहीत.

तो कायदा आपल्याकडे येईल तेव्हा येवो. तोवर माझी एक साधी मागणी आहे. अकाउंट्सच्या जागेसाठी पूर्णाकृती छायाचित्र मागणे बंद करा. ते लग्नाच्या बाजारातले आहे, तिथेही ते शोभत नाही. आणि ते जमणार नसेल, तर जाहिरातीत 'प्रेझेंटेबल' न लिहिता सरळ छापा : 'हिशोब येणे इष्ट, वजन पंचावन्न किलोंच्या आत असणे आवश्यक.' शेजारी मुलाखत घेणाऱ्या साहेबांचे वजनही द्या. म्हणजे उमेदवाराचे बसभाडे वाचेल, तीन मजले वाचतील, आणि उद्या कोर्टात न्यायला आमच्या हाती एक कागद तरी असेल. तो उडून जाऊ नये म्हणून लागणारे वजन आम्ही घरचेच आणू.